हृदय थांबलं, तरी मेंदू वाचवता येतो

चांदणी चौकातून निघालेला रस्ता भुगाव, पिरंगुट, पौड करत मुळशीच्या जलाशयाच्या कडेने ताम्हिणी घाटाकडे जातो. या रस्त्यावर कुठेही एखाद्या माणसाचं हृदय अचानक बंद पडलं, तर त्याच्या मेंदूकडे वेळ असतो साधारण पाच मिनिटांचा. संध्याकाळच्या कोंडीत पिरंगुटला किंवा हिंजवडीला पाच मिनिटांत रुग्णवाहिका पोचणं अवघड आहे. पौडच्या पुढच्या वाड्यावस्त्यांवर तर ते अशक्यच. म्हणून मुळशीसारख्या तालुक्यात अशा माणसाचा मेंदू वाचला, तर तो शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या हातांनी वाचतो. रुग्णवाहिका, डॉक्टर आणि रुग्णालय यांची पाळी त्यानंतर येते.

छातीवर हात कुठे ठेवायचे, किती दाबायचं, हे सांगणारी चित्रं आपण पाहिलेली असतात. पण ते तसंच का करायचं, हे पटलेलं असलं की ऐन वेळी हात थबकत नाहीत. त्यासाठी आधी मेंदूचा खर्च समजून घेऊ.

मेंदूचा खर्च आणि शिल्लक

प्रौढ माणसाचा मेंदू सुमारे 1,400 ग्रॅमचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या दोन टक्के. पण माणूस नुसता पडून असला, तरी शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला सुमारे 20 टक्के एकटा मेंदू वापरतो. दर मिनिटाला त्याला 700 ते 750 मिलिलिटर रक्त लागतं. त्यातून तो सुमारे 50 मिलिलिटर प्राणवायू घेतो. दिवसभरात त्याला 100 ते 120 ग्रॅम ग्लुकोज लागतं. झोपेतही ही मागणी चालूच असते.

यातली बरीचशी ऊर्जा पेशींच्या कडेला असलेल्या सूक्ष्म पंपांवर खर्च होते. हे पंप सोडियम बाहेर टाकतात आणि पोटॅशियम आत घेतात. या फरकावरच मेंदूचे सगळे संदेश चालतात. विचार, आठवण, बोलणं, श्वासाची लय, सगळं त्यावर उभं आहे.

शरीराच्या इतर भागांची कणगी भरलेली असते. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, शिवाय चरबी असते. मेंदू मात्र रोज आणून रोज खाणाऱ्या घरासारखा आहे. त्याच्याकडे प्राणवायूचा साठा जवळजवळ नाही आणि साखरेचा अगदी थोडा आहे. रक्त थांबलं की त्याच क्षणी उपासमार सुरू होते.

रक्त थांबल्यावर काय होतं

हृदय बंद पडल्यावर सुमारे दहा सेकंदांत शुद्ध हरपते. अर्ध्या मिनिटाच्या आत मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख (ईईजी) सपाट होतो. पहिल्या मिनिटाच्या आसपास पेशींमधला फॉस्फोक्रिएटिन हा तातडीचा ऊर्जासाठा संपतो. प्राणवायूशिवाय पेशी साखर अर्धवट जाळत राहतात. प्राणवायू असताना ग्लुकोजच्या एका रेणूतून एटीपी या ऊर्जारेणूचे सुमारे 30 रेणू मिळतात, त्याच्याशिवाय फक्त दोन. उरतं ते लॅक्टिक आम्ल. पाच मिनिटांच्या सुमाराला साखर आणि एटीपी दोन्ही जवळपास संपतात.

मग पंप थांबतात. पोटॅशियम बाहेर वाहतं, सोडियम आणि पाणी आत शिरतं, पेशी सुजतात. ग्लुटामेट हे रसायन अतोनात सुटतं, त्याने पेशींत कॅल्शियमचा लोंढा येतो आणि त्यांची मोडतोड सुरू होते.

सगळा मेंदू एकाच वेगाने मरत नाही. नव्या आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस, हालचालींचा तोल सांभाळणाऱ्या लहान मेंदूतल्या मोठ्या पेशी आणि मेंदूच्या बाह्य आवरणाचे काही थर यांना सर्वांत आधी इजा होते. श्वासाचं केंद्र असलेलं मेंदूचं खोड त्या मानाने जास्त तग धरतं. म्हणूनच काही रुग्णांचा श्वास आणि हृदय पूर्ववत होतं, पण स्मृती अधू राहते.

पाच मिनिटं उलटली म्हणजे सगळं संपलं, असा मात्र याचा अर्थ नाही. नुकसान टप्प्याटप्प्याने वाढत जातं. सहाव्या किंवा आठव्या मिनिटाला सुरू केलेला प्रयत्नही काही पेशी वाचवू शकतो. उशीर झाला म्हणून हात बांधून उभं राहू नका.

ओळखायचं कसं

हार्ट अटॅक आणि हृदय बंद पडणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अडतो, छातीत कळा येतात, पण माणूस बहुधा शुद्धीवर असतो आणि बोलतो. त्याला ताबडतोब रुग्णालयात न्यायचं असतं, छाती दाबायची नसते. हृदय बंद पडलं तर माणूस कोसळतो, हाकेला ओ देत नाही आणि नीट श्वास घेत नाही. बेशुद्ध आणि नीट श्वास नाही, या दोन खुणा दिसल्या की कामाला लागा. नाडी शोधण्यात वेळ घालवू नका. घाईत ती अनुभवी माणसालाही चकवते.

दोन गोष्टी इथे फसवतात. पहिली, आचके. खोडात थोडी ऊर्जा उरलेली असल्याने माणूस अधूनमधून तोंड उघडून घुरघुरत श्वास ओढतो. भोवतीचे म्हणतात, ‘श्वास चालू आहे, थांबा.’ तो श्वास नव्हे. दुसरी, झटके. रक्तपुरवठा तुटताच काही सेकंद हातपाय आखडतात आणि लोकांना फिट आल्यासारखं वाटतं. मग कुणी कांदा हुंगवतं, कुणी चप्पल नाकाशी धरतं, कुणी तोंडात पाणी ओततं. यातल्या कशानेही मेंदूला प्राणवायूचा कणही मिळत नाही, आणि पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो.

हात हेच हृदय

1960 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विल्यम कौवेनहोवेन, जेम्स ज्यूड आणि गाय निकरबॉकर यांनी छाती न उघडता, बाहेरून दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कौवेनहोवेन हे विद्युत अभियंते होते. विजेच्या धक्क्याने थांबणाऱ्या हृदयांचा अभ्यास करताना ते इथवर पोचले. आज आपण जिला सीपीआर म्हणतो, तिचा गाभा तोच आहे.

माणसाला टणक, सपाट जमिनीवर उताणं झोपवा. एकाला 108 किंवा 112 ला फोन करायला सांगा. एकटे असाल तर फोन स्पीकरवर ठेवून कामाला लागा. एका हाताच्या तळव्याची टाच छातीच्या मधोमध, छातीच्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवा. दुसरा हात त्यावर. कोपरं ताठ, खांदे बरोबर वर. कमरेतून वजन टाकत दाबा.

प्रौढांमध्ये छाती निदान 5 सेंटिमीटर आत जायला हवी, 6 च्या पुढे नको. वेग मिनिटाला 100 ते 120. दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, पण हात उचलू नका. छाती वर येताना हृदयात रक्त परत भरतं. ती अर्धवट वर आली, तर पुढच्या दाबाला ढकलायला रक्तच नसतं.

उत्तम दाबांनीसुद्धा हृदयाच्या नेहमीच्या प्रवाहाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याइतकंच रक्त फिरतं. ते थोडं वाटेल, पण शिल्लक झपाट्याने रिती होण्यापासून मेंदूला वाचवायला त्याचा मोठा आधार असतो. दाब थांबला की हा प्रवाह लगेच कोसळतो आणि पुन्हा उभा राहायला बरेच दाब खर्ची पडतात. म्हणून मध्ये थांबून ‘शुद्ध आली का’ असं बघत बसू नका. दर दोन मिनिटांनी दाब देणारा माणूस बदला. दमलेल्या माणसाचा दाब त्याच्या नकळत उथळ होतो. बदली काही सेकंदांत उरका.

बरगडी मोडण्याची भीती बाळगू नका. ती कधी मोडते, पण पुढे जुळते. मेंदूची मेलेली पेशी परत येत नाही. माणूस हलला, नीट श्वास घेऊ लागला किंवा प्रशिक्षित माणसांनी ताबा घेतला, तरच थांबा.

जवळ एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारं स्वयंचलित यंत्र असेल, तर ते आणायला धावत माणूस पाठवा. यंत्र स्वतःच बोलून सूचना देतं आणि गरज नसेल तर झटका देत नाही. हृदय रक्त न ढकलता नुसतं थरथरत असताना दाब आणि झटका या दोन्हींविना गेलेलं प्रत्येक मिनिट वाचण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी कमी करतं. दाब चालू असतील, तर ही घसरण 3 ते 4 टक्क्यांवर येते. हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांनी आपल्या इमारतीत हे यंत्र आहे का आणि कुठल्या मजल्यावर आहे, हे आजच विचारून ठेवावं.

तोंडाने श्वास कधी द्यायचा

चालता-बोलता माणूस अचानक कोसळला, तर त्याच्या रक्तात आणि फुप्फुसांत त्या घटकेला पुरेसा प्राणवायू असतो. अडचण तो फिरवण्याची असते. म्हणून पहिली काही मिनिटं नुसते दाबही कामाचे ठरतात. इंडियन रिससिटेशन कौन्सिल फेडरेशन सामान्य नागरिकांना केवळ दाबांवर आधारलेली पद्धत शिकवते, ती याच कारणाने. अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावायला मन धजत नसेल, तर दाब तरी द्याच.

मुळशीत मात्र दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. इथे मुळशीचा जलाशय आहे, टेमघर आहे, लवासाजवळचं वरसगावचं पाणी आहे. पावसाळ्यात ताम्हिणीचे धबधबे आणि ओढे असतात. बुडालेल्या माणसाचं हृदय प्राणवायू संपल्यामुळे थांबतं. त्याच्या रक्तातच प्राणवायू उरलेला नसतो. नुसतं दाबून रिकामं रक्त फिरवलं, तर मेंदूला काय मिळणार?

बुडालेल्याला बाहेर काढताच डोकं मागे झुकवा, हनुवटी उचला, नाक चिमटीत धरा आणि दोन श्वास द्या. प्रत्येक श्वास एक सेकंदाचा, छाती वर येताना दिसेल इतकाच. मग 30 दाब आणि दोन श्वास, असं चक्र चालू ठेवा. त्याला उलटं टांगून किंवा खांद्यावर टाकून फिरवणं, पोट दाबून पाणी काढणं, हे प्रकार अजून होतात. त्यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं अन्न श्वासनलिकेत चढतं. पोहता येत नसेल तर पाण्यात उडी घेऊ नका. दोर, काठी, साडी, हवा भरलेली ट्यूब, जे हाताशी असेल ते फेका.

थंड पाण्यात बुडालेला माणूस तासाभरानेही वाचतो, असं अनेकांनी ऐकलेलं असतं. 1999 मध्ये नॉर्वेत अ‍ॅना बोगेनहोल्म ही स्वीडिश डॉक्टर बर्फाखालच्या पाण्यात 80 मिनिटं अडकली होती. तिचं शरीर 13.7 अंश सेल्सिअसपर्यंत गार झालं होतं, तरी ती वाचली आणि कामावरही परतली. शरीराचं तापमान एक अंश उतरलं की मेंदूची गरज साधारण 6 ते 7 टक्क्यांनी घटते. तिचं हृदय थांबलं, तेव्हा तिचा मेंदू आधीच थंड पडलेला होता. मुळशीचं पाणी तितकं गार नसतं. इथे असं संरक्षण मिळेल, अशा भरवशावर राहू नका.

लहान मुलांमध्येही हृदय बहुधा श्वास अडल्यामुळे थांबतं, म्हणून त्यांना श्वास हवेच. छातीच्या जाडीच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं दाबा. मोठ्या मुलांत ते सुमारे 5 सेंटिमीटर असतं, वर्षाच्या आतल्या बाळात 4.

शॉक, वीज आणि मण्यार

शेतातल्या मोटारीचा किंवा स्टार्टरचा शॉक लागलेल्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा किंवा फ्यूज काढा. पायाखाली पाणी असेल तर जास्तच जपा. प्रवाह तुटला की लगेच दाब सुरू करा. शॉकने हृदय थरथरत राहतं, आणि एईडी मिळाला तर नेमका तिथेच उपयोगी पडतो.

वीज अंगावर पडलेल्या माणसात मात्र विद्युतप्रवाह उरत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. अशा वेळी हृदय कधीकधी आपोआप पुन्हा सुरू होतं, पण श्वासाचं केंद्र बधिरच राहतं. श्वास दिला नाही, तर प्राणवायूअभावी हृदय दुसऱ्यांदा थांबतं. म्हणून वीज पडलेल्याला दाबांबरोबर श्वासही द्या.

भातखाचरांच्या या मुलखात मण्यारही आहे. तिच्या विषाने स्नायू लुळे पडतात. पापण्या मिटतात, आवाज जातो, शेवटी श्वास थांबतो. पण आतला मेंदू जागा असू शकतो. हाकेला ओ नाही, डोळे उघडत नाहीत, बाहुल्याही प्रतिसाद देत नाहीत, म्हणून माणूस गेला असं ठरवू नका. श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहा. हृदयाबद्दल शंका असेल तर दाबही द्या, आणि प्रतिविष व व्हेंटिलेटर असलेल्या रुग्णालयात पोचवा. तिथपर्यंत प्राणवायू मिळत राहिला, तर असा माणूस पूर्ण बरा होऊ शकतो.

गाडी आली, आता काय

महाराष्ट्रात 108 ची सेवा 2014 पासून चालू आहे. फोनवर फक्त गावाचं नाव पुरत नाही. वाडी, फाटा, देऊळ, शाळा, धरणाची कोणती बाजू, हे सांगा आणि फाट्यावर माणूस उभा करा. घाटातल्या वळणांवर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. त्यामुळे एकाने दाब देत राहायचं आणि दुसऱ्याने रेंज असलेल्या जागी धावायचं, हे आधीच ठरलेलं बरं.

गाडीची वाट बघताना दाब चालूच हवेत. रुग्णवाहिका येणारच नसेल आणि जीप किंवा पिकअपने न्यावं लागलं, तर माणसाला सीटवर बसवू नका. बसलेल्या माणसाला दाब देता येत नाहीत. सपाट हौद्यात उताणं झोपवा, दोघं सोबत बसा, दाब थांबू देऊ नका आणि गाडी बेताने हाका.

तीन गोष्टी लिहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा: माणूस किती वाजता कोसळला, दाब किती वाजता सुरू झाले, झटका दिला असल्यास कधी. रक्त अजिबात न मिळालेली मिनिटं आणि थोडं मिळालेली मिनिटं यांचा हिशेब डॉक्टरांना पुढच्या उपचारांसाठी हवा असतो.

हृदय सुरू झालं, शुद्ध आली नाही

घरच्यांना सर्वांत जास्त गोंधळात टाकणारा काळ हाच. मॉनिटरवर ठोके दिसतात, पण माणूस डोळे उघडत नाही. याचं कारण असं, की रक्त परतल्यावर मेंदूला दुसरी इजा होऊ लागते. उपाशी पेशींत अचानक आलेला प्राणवायू काही घातक रेणूही तयार करतो. ऊर्जा बनवणारी मायटोकाँड्रिया अधू झालेली असतात. रक्त काही वेळ जास्त वाहतं आणि मग कित्येक तास नेहमीपेक्षा कमी. काही पेशी तर दोन-तीन दिवसांनी मरतात.

म्हणून आयसीयूतले उपचार याच दुसऱ्या इजेवर रोखलेले असतात. रक्तदाब पुरेसा राखणं, प्राणवायू कमी नको तसा बेसुमारही नको, कार्बन डायऑक्साइड सामान्य पातळीत, साखर फार वर नाही आणि फार खाली नाही, झटके आले तर ते थांबवणं. तापाला तर उभं राहू द्यायचं नसतं, कारण ताप मेंदूचा खर्च वाढवतो. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनंतर रुग्णाला 32 ते 34 अंशांपर्यंत थंड करण्याची पद्धत रुजली. 2021 च्या मोठ्या अभ्यासात 33 अंशांपर्यंत थंड करण्याचा, ताप काटेकोर रोखण्यापेक्षा जास्त फायदा दिसला नाही. आज भर आहे तो तापमान 37.5 अंशांच्या वर जाऊ न देण्यावर.

नातेवाइकांनी डॉक्टरांना हे जरूर विचारावं: ताप कसा रोखताय? झटके आहेत का हे पाहायला ईईजी झाला का? झोपेची औषधं चालू आहेत का, ती कधी थांबतील? आणि पहिल्याच दिवशी ‘मेंदू गेला का’ याचं उत्तर मागू नये. मेंदूची अवस्था ठरवायला निदान 72 तास जाऊ द्यायचे असतात, झोपेच्या औषधांचा अंमल उतरलेला असायला हवा, आणि बाहुल्यांची प्रतिक्रिया, ईईजी, स्कॅन, रक्ततपासणी अशा अनेक चाचण्या एकत्र बघायच्या असतात. एका चाचणीवर कुणाचं आयुष्य ठरवायचं नसतं. तसंच, सगळ्या चाचण्यांचा कौल एकच असेल, तर डॉक्टर जे सांगतील ते ऐकून घेण्याची तयारीही घराने ठेवावी.

घरी परतलेल्या माणसाला विसरभोळेपणा, थकवा, चिडचिड, उदासी जाणवू शकते. मेंदूला बसलेली ही झळ आहे, हट्ट नव्हे. औषधांच्या वेळा लिहून भिंतीवर लावा, कामं एकेक करून द्या आणि उदासी टिकून राहिली तर डॉक्टरांना सांगा.

वाडीची तयारी

6 डिसेंबर 2023 ला केंद्र सरकारने देशभर सीपीआर शिकवण्याची मोहीम घेतली. पण एका दिवसाच्या प्रात्यक्षिकाने हात तयार होत नाहीत, सराव वर्षातून एकदा तरी लागतो. पुढच्या ग्रामसभेत हा विषय मांडा. पौडच्या ग्रामीण रुग्णालयाला किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला प्रशिक्षणासाठी पत्र द्या. आशाताई, शिक्षक, पोलीस पाटील, तरुण मंडळाची मुलं, जलाशयाकाठचे हॉटेलवाले, पर्यटकांना फिरवणारे गाडीवाले आणि कारखान्यांतले पाळीप्रमुख यांना आधी शिकवा. प्रत्येक वाडीत निदान चार माणसं तयार हवीत, कारण दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा असतो. रात्री-अपरात्री कुणाची गाडी निघेल आणि रेंज कुठे मिळते, हे देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर लिहून ठेवा.

हृदय पुन्हा सुरू करणं हे पुष्कळदा यंत्राचं आणि डॉक्टरांचं काम असतं. तोवर मेंदू टिकवणं हे मात्र आपलं काम आहे, आणि ते शिकायला एक दुपार पुरते.